जकात : गरिबाचा हक्काचा वाटा

दान म्हणजे काय, हे सटाण्याच्या माणसाला सांगायला नको. १८७०-७१ च्या दुष्काळात देवमामलेदार यशवंतराव महाराजांनी भुकेल्या लोकांसाठी सरकारी तिजोरी मोकळी केली. त्यांची यात्रा आपल्याकडे दरवर्षी भरते. ते दान दयेपोटी झाले.

मुसलमान बांधव जकात देतात, तीही गरिबांसाठीच. पण जकात ही दया नव्हे. ते देणे आहे. दुकानदाराची उधारी चुकवावी लागते ना? तसेच हे. याविषयी आम्ही आज थोडी माहिती देत आहोत.

जकात म्हटले की जुन्या माणसांना जकात नाका आठवेल. तो माल आणताना भरायचा कर होता. ते नाके आता उठले. ही जकात वेगळी. कलमा, नमाज, रोजा, जकात आणि हज ही इस्लामची पाच मुख्य कर्तव्ये आहेत. जकात या अरबी शब्दात शुद्ध होणे आणि वाढणे असे दोन्ही अर्थ आहेत. गरिबाचा वाटा काढला, म्हणजे उरलेले धन शुद्ध झाले.

जकात कोणी द्यावी? सर्वांनी नव्हे. आपल्याकडील बहुतेक मुसलमान हनफी पंथाचे आहेत. त्यांच्यात साडेबावन्न तोळे चांदी, किंवा तेवढ्या किमतीची शिल्लक, ही मर्यादा धरतात. तेवढे धन असून चांद्र वर्ष पुरे झाले, की जकात लागते. राहते घर, अंगावरचे कपडे, कामाची अवजारे यांवर जकात नाही. कर्ज काढून जकात देण्याची गरज नाही.

किती द्यावी? चाळिसावा भाग. म्हणजे शंभराला अडीच रुपये. समजा, एका दुकानदाराजवळ रोख आणि विक्रीचा माल मिळून ५,००,००० रुपये आहेत. त्याला १,००,००० रुपये देणे आहे. राहिले ४,००,०००. त्याची जकात १०,००० रुपये.

पिकाचा नियम शेतकऱ्याला चटकन पटेल. पावसावर आलेल्या पिकाचा दहावा भाग द्यायचा. विहिरीचे पाणी उपसून काढलेल्या पिकाचा विसावा. मोट असो की मोटार, कष्ट आणि खर्च वाढला, म्हणून वाटा निम्मा. आपल्या देशातील जमिनीला हा नियम कसा लावावा, याविषयी मात्र उलेमांत मतभेद आहेत.

कोणाला द्यावी? कुराणात आठ प्रकारचे लोक सांगितले आहेत. त्यांत गरीब, गरजू, कर्जात बुडालेला, वाटेत अडकलेला प्रवासी हे आहेत. आईबाप, मुले, नातवंडे, बायको यांना जकात चालत नाही. त्यांना पोसणे हे आपले कामच आहे! गरीब भाऊ-बहिणीला मात्र देता येते. बहुतेक उलेमांच्या मते जकात गरजू मुसलमानांसाठी आहे. खुशीने द्यायचे दान, म्हणजे सदका, कोणत्याही धर्माच्या गरजूला देता येते.

आता महत्त्वाची गोष्ट. ही जकात आहे, असे घेणाऱ्याला सांगावे लागत नाही. देणाऱ्याच्या मनात असले म्हणजे पुरे. एखादी विधवा बाई उपाशी राहील, पण हात पसरणार नाही. तिच्या घरी पैसे गुपचूप पोचवावेत. चारचौघांत देऊन तिची मान खाली घालू नये. आपलेच देणे फेडताना उपकार कसला?

वाचकहो, आता तुम्हांला लिहिता येते, आकडे मांडता येतात. हिशेबासाठी दुसऱ्याच्या तोंडाकडे बघू नका. मुसलमान असाल, तर आपली जकात वहीत स्वतः मांडा. नसाल, तरी आपल्या मिळकतीत गरिबाचा वाटा किती, हे एकदा कागदावर लिहून पाहा.

शब्दांचे अर्थ
उलेमा – इस्लाम धर्माचे जाणकार
चांद्र वर्ष – चंद्रावरून मोजलेले वर्ष

प्रश्न
१. जकात आणि सदका यांत फरक काय?
२. विहिरीच्या पाण्यावरील पिकाचा वाटा कमी का?
३. एकाची शिल्लक ६,८०,००० रुपये. देणे ८०,००० रुपये. जकात किती?