करडईचे तेल खवट का होते?

बीड जिल्ह्यात रब्बी ज्वारीच्या कडेने करडई पेरतात. तिच्या काट्यांमुळे गुरे पिकात शिरत नाहीत. पण हिचे तेल उघडे राहिले की खवट होते. असे का?

या तेलातील मेदाम्लांपैकी सुमारे ७५ टक्के लिनोलेइक आम्ल असते. त्याच्या दोन दुहेरी बंधांमधल्या कार्बनवरील हायड्रोजन सहज सुटतो. तिथे ऑक्सिजन जोडला जातो आणि ही क्रिया एका रेणूवरून दुसऱ्यावर साखळीसारखी पसरते. तेलातलेच टोकोफेरॉल, म्हणजे १९२२ साली शोध लागलेले ई जीवनसत्त्व, आपला हायड्रोजन देऊन ही साखळी तोडते. तोच तेलाचा नैसर्गिक ऑक्सिडीकरणरोधक! मात्र त्यात ते स्वतः खर्ची पडते. ते संपले की खवटपणा झपाट्याने वाढतो.

म्हणून घाण्यावरून आणलेले तेल पारदर्शक बाटलीत खिडकीशी ठेवू नये. घट्ट झाकणाचा डबा काठोकाठ भरावा, म्हणजे आत हवा कमी राहते.