'आमचे' आणि 'त्यांचे': 'गिट'च्या मार्गदर्शिकेतील एक संदिग्धता

एकाच मजकुरावर दोन हातांनी स्वतंत्रपणे काम केले म्हणजे ती दोन कामे पुन्हा एक कशी करावयाची, हा प्रश्न संगणकाहून जुना आहे. पाठचिकित्सेच्या अभ्यासकास तो परिचितच आहे. लिनस टोरव्हाल्ड्स यांनी २००५ साली लिनक्सच्या विकासासाठी रचलेल्या 'गिट' या आवृत्ती-नियंत्रण प्रणालीत हे कार्य 'मर्ज' ही आज्ञा करते. तिच्या मार्गदर्शिकेतील एका शब्दाचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

आज्ञेची पद्धती साधी आहे. दोन शाखांचा सर्वांत निकटचा समान पूर्वज शोधून प्रत्येक शाखेची त्याच्याशी तुलना केली जाते. जो भाग एकाच शाखेने बदलला, तो बदल स्वीकारला जातो; जो दोघींनी निरनिराळ्या तऱ्हेने बदलला, तेथे संघर्ष जाहीर करून निर्णय माणसावर सोपविला जातो. अडचण सुरू होते ती 'अवर्स', म्हणजे 'आमचे', या शब्दापाशी. आज्ञेस मोठ्या लिपीतील 'एक्स' जोडून हा शब्द दिला तर तो केवळ एक पर्याय ठरतो. लहान 'एस' जोडून दिला तर ते संपूर्ण धोरण होते.

समजा, एका कोशातील प्रत्येक शब्द स्वतंत्र फाइलीत आहे. मुख्य शाखेत 'अंबर' या शब्दाचा अर्थ सुधारला. दुसऱ्या शाखेत 'अंबर' वेगळ्या रीतीने सुधारला आणि शिवाय 'घट' हा शब्दही दुरुस्त केला. मुख्य शाखेत उभे राहून पर्याय वापरला, तर 'अंबर' मुख्य शाखेचा राहतो आणि 'घट'ची दुरुस्ती सुखरूप येते. धोरण वापरले, तर दुसऱ्या शाखेकडे पाहिलेही जात नाही. 'घट' पूर्वीसारखाच राहतो. इतिहासात मात्र विलीनीकरण झाल्याची नोंद होते. पुढे तीच शाखा पुन्हा विलीन करू गेल्यास, सर्व काही अद्ययावत आहे, असे उत्तर मिळते. कोणाचे तरी काम असे निमूटपणे गळते, आणि कागदोपत्री ते सामावलेले असते! जुनी शाखा जाणूनबुजून निकालात काढण्यासाठी हे धोरण उपयुक्त आहे, हे खरे. परंतु तो हेतू 'आमचे' या नावातून कोणास कळावा?

या दोहोंत गल्लत करू नये, असे मार्गदर्शिका स्वतःच बजावते. 'त्यांचे' या पर्यायाविषयी तर, या नावाचे धोरणच नसल्याने घोटाळ्यास वाव नाही, असे ती काहीशा मिस्किलपणे सांगते. ज्या नावास अशी सूचना जोडावी लागते, ते नाव सदोष म्हणावे लागेल.

मराठी भाषांतरकारापुढे आणखी एक पेच आहे. इंग्रजीतील एका सर्वनामास आपल्याकडे दोन प्रतिशब्द आहेत: श्रोत्यास वगळणारे 'आमचे' आणि त्यास सामावणारे 'आपले'. विलीनीकरणाचे फलित आपले असते. येथे अभिप्रेत आहे ते 'आमचे'. पण 'आमचे' म्हटले की मालकी सूचित होते, आणि गिटला मालक ठाऊक नाही. त्यास ठाऊक आहे ते स्थान. 'रीबेस' या आज्ञेत हे उघडे पडते. ती वापरणाऱ्याचे बदल एकेक करून दुसऱ्या शाखेच्या टोकावर पुन्हा रचते. साहजिकच तेथे 'आमचे' म्हणजे ती दुसरी शाखा व तिच्यावर तोवर रचलेले बदल, आणि 'त्यांचे' म्हणजे वापरणाऱ्याचे स्वतःचे काम! बाजू उलटल्या आहेत, असे त्या आज्ञेची मार्गदर्शिका सांगते. वस्तुतः स्थाने बदललेली नाहीत, सर्वनामे तेवढी फसली आहेत.

म्हणून मराठी मार्गदर्शिकेत 'स्थित शाखा' आणि 'आगत शाखा' अशा स्थानवाचक संज्ञा योजाव्यात, असे सुचवावेसे वाटते. मग पर्यायाचे वर्णन असे करता येईल: 'जेथे संघर्ष असेल तेथेच स्थित शाखेचा पाठ घ्यावा, आगत शाखेचे इतर बदल स्वीकारावेत.' धोरणाचे असे: 'आगत शाखेचा एकही बदल घेऊ नये, ती विलीन झाल्याची नोंद तेवढी करावी.'