समुद्राच्या तळाखालचे मीठ

मिठागरात समुद्राचे पाणी आटू लागले की आधी जिप्सम खाली बसते. पाणी सुमारे एक-दशांश उरले म्हणजे मग मीठ पिकते. विद्यार्थीमित्रहो, हा क्रम ध्यानात ठेवा.

१९७० साली 'ग्लोमर चॅलेंजर' जहाजाने भूमध्य समुद्राच्या खोल तळात छिद्रे पाडली. वर सूक्ष्म जीवांच्या कवचांचा गाळ लागला. त्यात नवल नव्हते. त्याखाली मात्र निघाले जिप्सम, ॲनहायड्राइट आणि मीठ! सुमारे ६० लाख वर्षांपूर्वी अटलांटिक महासागराशी जोडणाऱ्या वाटा अरुंद होत गेल्या. येणाऱ्या पाण्यापेक्षा वाफ होऊन जाणारे पाणी अधिक झाले. सुमारे ५३ लाख वर्षांपूर्वी जिब्राल्टरमार्गे समुद्र पुन्हा भरला, म्हणून मिठावर पुन्हा गाळ.

आता वही घ्या. एक घनमीटर समुद्रपाण्यात सुमारे ३५ किलो क्षार असतात. १,५०० मीटर खोल पाणी पुरते आटले, तर दर चौरस मीटरवर ५२,५०० किलो क्षार उरतील. घनता घनमीटरला २,२०० किलो धरा. थर होईल अवघा २४ मीटर. प्रत्यक्षात तो काही ठिकाणी किलोमीटरहून जाड आहे! सारे मीठ खोलगट भागातच साचले म्हटले, तरी हिशेब जुळत नाही. तेव्हा खारे पाणी आत येत राहिले आणि आटत राहिले, असेच मानावे लागते.

मग तळ उघडा पडला होता का? जहाजावरचे शास्त्रज्ञ केनेथ श्यू 'होय' म्हणत. ॲनहायड्राइटमध्ये त्यांना शैवालांच्या थरांच्या खुणा दिसल्या होत्या, आणि शैवालांना उजेड लागतो. परंतु खोल, दाट खाऱ्या पाण्याखालीही मीठ साचू शकते. हा वाद अजून मिटलेला नाही.