शिक्षक व्हायचे, पण कोणत्या इयत्तेचे?

महाराष्ट्रात शालेय शिक्षक होऊ इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याने अभ्यासक्रम निवडण्यापूर्वी आपल्याला कोणत्या वयाच्या मुलांना शिकवावयाचे आहे हे ठरवणे आवश्यक असते, कारण शिक्षकाची अर्हता, म्हणजे नेमणुकीस लागणारी किमान शैक्षणिक व व्यावसायिक पात्रता, नियमांनी इयत्तांशी बांधलेली आहे. बहुतेक घरांत मात्र हा क्रम उलटा असतो. पदवीनंतर काहीच ठरेनासे झाले की ‘बी.एड. करून ठेव, कधीतरी उपयोगी पडेल’ असा सल्ला दिला जातो, आणि मुलींना तर तो लग्नाआधीची तजवीज म्हणूनच दिला जातो.

पहिली ते पाचवीसाठी बारावीनंतरची दोन वर्षांची पदविका, म्हणजे पूर्वीचे डी.एड. व आताचे डी.एल.एड., आवश्यक असते. सहावी ते आठवीसाठी पदवी आणि तिच्या जोडीला डी.एल.एड. किंवा बी.एड. लागते, तर नववीपासून पुढे बी.एड. अनिवार्य ठरते आणि अकरावी-बारावीसाठी त्याखेरीज संबंधित विषयातील पदव्युत्तर पदवीही हवी असते. २०१८ मध्ये एका केंद्रीय अधिसूचनेने बी.एड.धारकांना प्राथमिक वर्गही खुले केले होते, परंतु सर्वोच्च न्यायालयाच्या ११ ऑगस्ट २०२३ च्या निकालाने ती वाट बंद झाली.

त्या निकालामागील विचार वर्गात डोकावल्यास सहज पटतो. ५२ मधून २७ वजा करताना दुसरी-तिसरीतील मूल पुष्कळदा ३५ असे उत्तर लिहिते, कारण ते प्रत्येक स्थानावर मोठ्या अंकातून लहान अंक वजा करते आणि दोनातून सात जात नाहीत म्हणून दशक सुटा करण्याची कल्पना त्याच्यापर्यंत पोहोचलेलीच नसते. उत्तरावर फुली मारून बरोबर उत्तर फळ्यावर लिहिणे कोणालाही जमते. मुलाने ३५ कसे काढले हे त्याच्याकडूनच वदवून घेणे, मग काड्यांचा गठ्ठा सोडून दहा सुट्या काड्या त्याच्या हाती देणे, आणि द्विशिक्षकी शाळेत हे चालू असताना शेजारच्या रांगेतील चौथीच्या मुलांना कामात गुंतवून ठेवणे, हे प्राथमिक शिक्षकाचे खरे कसब होय. ज्याला त्या ३५ विषयी कुतूहल वाटत नाही, त्याने पहिली-दुसरीचा वर्ग निवडू नये.

पदविका किंवा पदवी हाती आली की परीक्षांचा टप्पा सुरू होतो. शिक्षण हक्क अधिनियम, २००९ अन्वये किमान अर्हता ठरवून देण्यात आल्या आणि त्यांत पहिली ते आठवीसाठी शिक्षक पात्रता परीक्षा, म्हणजेच टीईटी, समाविष्ट झाली. महाराष्ट्रात ती २०१३ पासून घेतली जाते. पाचवीपर्यंतच्या शिक्षकांसाठी पहिला व सहावी ते आठवीसाठी दुसरा अशा प्रत्येकी १५० गुणांच्या दोन पेपरांपैकी एक किंवा दोन्ही देता येतात आणि खुल्या प्रवर्गात उत्तीर्ण होण्यास ६० टक्के गुण लागतात. या परीक्षेने केवळ पात्रता सिद्ध होते, नोकरी मिळत नाही. भरतीसाठी शिक्षक अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी ही २०० गुणांची वेगळी परीक्षा असून, तिच्या गुणांच्या आधारे ‘पवित्र’ या शासकीय संगणकीय प्रणालीद्वारे जिल्हा परिषदा, नगरपालिका आणि खाजगी अनुदानित शाळांमधील पदे भरली जातात.

पालकांच्या काळजीचे खरे कारण येथे आहे. ही चाचणी २०१७ नंतर थेट २०२३ मध्ये आणि त्यानंतर २०२५ मध्ये झाली, त्यामुळे अभ्यासात कोठेही कमी न पडलेल्या उमेदवाराचीही उमेदीची वर्षे केवळ प्रतीक्षेत जाऊ शकतात. निवड झाल्यावरही पहिली तीन वर्षे शिक्षणसेवक म्हणून, म्हणजे नियमित वेतनश्रेणीऐवजी ठरावीक मानधनावर, काम करावे लागते. हे मानधन २०२३ मध्ये वाढवून प्राथमिक स्तरावर दरमहा १६,०००, माध्यमिक स्तरावर १८,००० व उच्च माध्यमिक स्तरावर २०,००० रुपये करण्यात आले. स्वयंअर्थसहाय्यित, म्हणजे शासकीय अनुदानाशिवाय चालणाऱ्या, शाळांत नोकरी तुलनेने लवकर मिळते, मात्र तेथील वेतनात संस्थेगणिक फार मोठी तफावत आढळते.

हजेरीशिवाय पदवी मिळवून देण्याची हमी देणारे मध्यस्थ याच अस्वस्थतेवर पोसले जातात. पाठ टाचण, म्हणजे शिकवण्यापूर्वी तयार केलेला पाठाचा लेखी आराखडा, स्वतः न लिहिता आणि शाळेतील सराव पाठ प्रत्यक्ष न घेता मिळालेली पदवी वर्गातील पहिल्याच आठवड्यात उघडी पडते, मग तिच्यावर शिक्का कोणाचाही असो.

म्हणून विद्यार्थ्याने अर्ज भरण्याआधी मुख्याध्यापकांच्या परवानगीने जवळच्या जिल्हा परिषद शाळेत काही दिवस बसावे, आणि पालकांनी शुल्काची रक्कम जुळवतानाच दोन भरत्यांमधील काळात घरखर्च कशावर चालेल याचाही हिशेब मांडावा.