कादंबरीचे बिऱ्हाड हलवताना

आपल्या शाळेतून निवृत्त झालेले मराठीचे एक सर गेली अनेक वर्षे कादंबरी लिहीत होते, हे जुन्या विद्यार्थ्यांना ठाऊक आहे. १९९१ साली हुकुमचंद मिल बंद पडली. त्याच्या आगेमागे इंदूरच्या एका मराठी कामगार कुटुंबाचे काय झाले, हा तिचा विषय. सरांची दृष्टी आता अधू झाली आहे. गेल्या उन्हाळ्यात त्यांनी आपला जुना संगणक शाळेत पाठवला आणि निरोप दिला, "यातली कादंबरी बाहेर काढा. मला ती एकदा सलग ऐकायची आहे." संगणक सुरू व्हायलाच पाऊण तास गेला. तो आणखी किती दिवस सुरू होईल याची खात्री नव्हती.

अकरावीचे चार विद्यार्थी आणि आम्ही असे पाच जण कामाला लागलो. मुलांना स्क्रिव्हनर हे कादंबरीलेखनाचे सॉफ्टवेअर हवे होते. लिटरेचर अँड लॅटे या ब्रिटिश कंपनीने ते २००७ साली मॅकसाठी आणि २०११ साली विंडोजसाठी आणले. त्यात कादंबरी एका लांबलचक फाईलीत न राहता प्रसंगाप्रसंगाने सुटी राहते. डाव्या बाजूच्या यादीत प्रसंग वरखाली सरकवता येतात आणि प्रत्येकाला एक कार्ड जोडून त्यावर सारांश लिहिता येतो. ते विकत घ्यावे लागते; पण आधी तीस दिवस वापरून पाहता येते आणि ज्या दिवशी उघडाल तोच दिवस मोजला जातो. ज्यांना पैसे घालायचे नाहीत त्यांच्यासाठी सायमन हेन्स यांचे वायरायटर मोफत आहे.

मुलांना पहिल्याच दिवशी सगळे नव्या घरात भरायचे होते. आम्ही थांबवले. बिऱ्हाड हलवताना आधी जुन्या घरातले सामान मोजतात.

जुन्या संगणकावर कादंबरीच्या साठाहून अधिक फाईली निघाल्या. 'प्रकरण ९', 'प्रकरण ९ नवीन', 'प्रकरण ९ नवीन सुधारित', 'शेवट', 'नवा शेवट', 'शेवटचा नक्की'. एकही फाईल उघडण्यापूर्वी आम्ही तिचे नाव आणि शेवटच्या बदलाची तारीख वहीत उतरवली. फाईल उघडून चुकून जतन केली की तारीख आजची होते आणि कोणता मजकूर आधीचा, कोणता नंतरचा, याचा एकमेव पुरावा पुसला जातो. मग सगळ्याची जशीच्या तशी नक्कल दोन पेनड्राइव्हवर घेतली. एक कपाटात गेली आणि पुढचे सर्व काम दुसरीवर झाले.

खरी अडचण फाँटची होती. युनिकोड सर्वत्र येण्यापूर्वीचे बहुतेक देवनागरी फाँट म्हणजे एक युक्ती होती. संगणकाच्या लेखी तो मजकूर रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचाच असे, फक्त त्यांच्या जागी देवनागरीचे आकार बसवलेले. फाँट नाही तर मजकूर नाही. सरांची कादंबरी नव्या संगणकावर उघडली तेव्हा पडद्यावर रोमन अक्षरांचा कचरा दिसला. युनिकोडमध्ये प्रत्येक देवनागरी अक्षराला स्वतःचा क्रमांक असतो, म्हणून फाँट बदलला तरी मजकूर तोच राहतो. तेव्हा आधी युनिकोड, मग नवे सॉफ्टवेअर, हा क्रम उलटवू नये.

फाँट बदलणारे प्रोग्राम मिळतात, पण ते आंधळे असतात. सरांनी मध्ये मध्ये इंग्रजी शब्द लिहिले होते, गेटपास, ओव्हरटाइम वगैरे. प्रोग्रामने त्यांनाही जुन्या फाँटची अक्षरे समजून 'मराठी' करून टाकले. दुसऱ्या फेरीत आम्ही असे शब्द आधी शोधून वहीत नोंदवले. शिवाय सरांनी शंका असलेली वाक्ये लाल रंगात ठेवली होती. साध्या मजकुरात रंग टिकत नाही. म्हणून अशा प्रत्येक वाक्यापुढे चौकटी कंसात [तपासा] असे लिहिले, मगच रूपांतर केले. रंग ही लेखकाने स्वतःला लिहिलेली चिठ्ठी असते. ती हरवली तर आपल्याला कळतही नाही की काही हरवले.

आता आमचीच एक फजिती. कादंबरीत लग्नाच्या जेवणाचा प्रसंग आहे. रूपांतरानंतर तिथे 'आचार्यांना भात वाढायला सांगा' असे वाक्य आले आणि आम्ही ते वाचून पुढे गेलो. आमचे शिक्षण हिंदी माध्यमातले. हिंदीत 'ऱ्य' नाहीच, त्यामुळे डोळ्याला खटकले नाही. वर्गातल्या एका मुलीने विचारले, "सर, आचार्य भात कशाला वाढतील?" मूळ शब्द होता 'आचाऱ्यांना'. प्रोग्रामने मराठीचा ऱ सरसकट रफारात बदलला होता. दऱ्यांचा दर्या झाला होता आणि बिऱ्हाडाचे बिर्हाड.

हे 'शोधा आणि बदला' वापरून एका फटक्यात दुरुस्त करता येत नाही. सगळे 'र्य' बदलले तर सूर्य, कार्य आणि धैर्य यांचेही हाल होतात. सगळे 'र्ह' बदलले तर अर्हता बिघडते. थोडा विचार केला तर मात्र काम सोपे होते. संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द रफार ठेवतात. मराठीत 'रा' किंवा 'री' शेवटी असलेला शब्द चालवताना झालेले रूप ऱ घेते, जसे दुसरा-दुसऱ्या, दोरी-दोऱ्या, करणारा-करणाऱ्या. म्हणून आम्ही 'णार्या' शोधून बेलाशक 'णाऱ्या' केले. बाकीचे एकेक पाहिले. इनस्क्रिप्ट कळफलकावर शिफ्टसह 'जे'ची कळ दाबली की ऱ येतो. पुढे हलन्त, पुढे य. हे लिहून भिंतीवर लावले आहे.

यानंतर तोडणी. स्क्रिव्हनरला फाईल देताना 'आयात करून तोडा' असा पर्याय आहे. जिथे ठरवलेली खूण दिसेल तिथे तो नवा प्रसंग सुरू करतो. नेहमीची खूण # ही असते. सरांच्या मजकुरात प्रसंग कधी तीन ताऱ्यांनी तोडलेला, कधी मोकळ्या ओळीने. आणि काही मोकळ्या ओळी तर केवळ मजकूर पुढच्या पानावर ढकलण्यासाठी दाबलेल्या! कोणती ओळ प्रसंग बदलते आणि कोणती नाही, हे वाचल्याशिवाय समजत नाही. चौघांनी प्रकरणे वाटून घेतली, वाचली आणि खुणा हाताने घातल्या. त्याच वाचनात एक तक्ता तयार झाला: प्रसंगाचा क्रमांक, काळ, कोण कोण हजर, एका ओळीत काय घडते, कोणत्या फाईलीतून आला. क्रमांक ०१०, ०२०, ०३० असे दिले, म्हणजे मध्ये प्रसंग घालायला जागा राहते. पुढे याच ओळी कार्डांवर गेल्या. तक्ता करताना लक्षात आले की मोठा मुलगा अकराव्या प्रकरणात गाव सोडून जातो आणि बाराव्यात घरी चहा पितो. दोन्ही प्रकरणे वेगवेगळ्या आराखड्यांतली होती. हे कोणत्याही सॉफ्टवेअरने सांगितले नसते.

एक धोका सांगून ठेवतो. विंडोजवर स्क्रिव्हनरचा प्रकल्प म्हणजे एक अख्खा फोल्डर असतो. प्रसंग त्याच्या आत आरटीएफ स्वरूपात राहतात. नावाची मुख्य फाईल तेवढी उचलून नेली तर हाती फक्त यादी येते, कादंबरी घरीच राहते. एका विद्यार्थ्याने नेमके हेच केले. नक्कल पूर्ण फोल्डरची, तीही एकत्र दाबून. त्याशिवाय आम्ही प्रत्येक प्रकरणाची साधी मजकूर-प्रत वेगळी ठेवली आहे, ती कोणत्याही संगणकावर उघडते.

राहिला शेवट. तारखेप्रमाणे 'शेवटचा नक्की' सर्वांत नंतरचा होता, म्हणून मुलांनी तोच घेतला होता. आम्ही दोन्ही शेवट छापून सरांच्या घरी गेलो आणि वाचून दाखवले. पहिल्यात आई मिलच्या बंद फाटकापाशी थांबते. दुसऱ्यात दोन पाने जास्त आहेत आणि सगळ्यांचे बरे होते. सरांनी बराच वेळ घेतला. मग म्हणाले, "दुसरा प्रकाशकासाठी लिहिला होता. पहिला ठेवा." दुसरा आम्ही टाकलेला नाही, स्क्रिव्हनरमध्ये एका प्रसंगाच्या जुन्या आवृत्त्या 'स्नॅपशॉट' म्हणून त्याच प्रसंगामागे राहतात, तिथे तो आहे.

अजून नऊ प्रकरणांचे वाचन बाकी आहे. दर शनिवारी शेवटच्या तासानंतर दोन विद्यार्थी सरांकडे जातात. एक वाचतो आणि दुसरा [तपासा]च्या खुणांवर सर जे सांगतील ते लिहून घेतो. ज्यांच्या घरी आजी-आजोबांचे लेखन अशाच जुन्या फाँटमध्ये पडून असेल, त्यांनी तो संगणक भंगारात देण्यापूर्वी शाळेत यावे. फाईली उघडू मात्र नयेत.