अहवाल शेवटच्या पानापासून वाचा

मुंबईत फोर्टमधल्या एका ब्रोकिंग कंपनीत मी संशोधन विश्लेषक होतो. पुढे एका अर्थविषयक मासिकात गुंतवणूक संपादक झालो. याच वाटेने येऊ पाहणारी तरुण मंडळी विचारतात, तयारी काय करू? माझं उत्तर एकच असतं : भाषेचं नंतर पाहू, आधी अहवालाचा खर्च कोण उचलतो ते समजून घ्या.

विश्लेषकाच्या अहवालात ‘विका’ हा सल्ला क्वचितच दिसतो. दरवेळी त्यामागे लबाडी असते असं नाही. ‘विका’ म्हटलं की कंपनीचे अधिकारी फोन उचलेनासे होतात आणि ज्या बड्या गिऱ्हाइकांनी तो शेअर आधीच घेतलेला असतो, ती नाराज होतात. त्यातून आपल्याच फर्मच्या मर्चंट बँकिंग विभागाकडे त्या कंपनीची भागविक्री असेल, तर वरून बोलावणं येतंच. माझा एक ‘विका’ असाच ‘होल्ड’ होऊन छापला गेला. बाजारात मुरलेल्यांना त्या ‘होल्ड’चा अर्थ कळतो. ग्रॅच्युइटीचे पैसे घातलेल्या निवृत्त शिक्षिकेला तो कसा कळावा? ती खरंच शेअर धरून बसते. संपादकाने तिच्या बाजूने वाचायचं असतं.

सेबीच्या २०१४ च्या नियमांनुसार विश्लेषकाकडे त्या कंपनीचे शेअर आहेत का, गेल्या बारा महिन्यांत तिच्याकडून मोबदला मिळाला का, हे अहवालातच जाहीर करावं लागतं. हा मजकूर बहुधा शेवटी, बारीक टाइपात असतो. मी वाचायला तिथूनच सुरुवात करतो.

मग ताळेबंद. सत्यम कॉम्प्युटर या सॉफ्टवेअर कंपनीचे अध्यक्ष रामलिंग राजू यांनी ७ जानेवारी २००९ रोजी पत्राने घोटाळ्याची कबुली दिली, तेव्हा कळलं की सप्टेंबर २००८ अखेरच्या ५,३६१ कोटींच्या रोख व बँक शिल्लकीपैकी ५,०४० कोटी रुपये मुळात नव्हतेच. वर्षानुवर्षं लेखापरीक्षकांच्या सह्या झालेली, निर्देशांकात बसलेली कंपनी होती ती! प्रवर्तकांनी गहाण टाकलेले शेअर जाहीर करण्याची सक्तीही त्यानंतरच आली. म्हणून ‘नफा वाढेल’ असं वाक्य टेबलावर आलं की लेखकाला विचारा : नफ्यामागोमाग रोकड येतेय का, की नुसती येणी फुगताहेत? प्रवर्तकांचे किती शेअर गहाण आहेत? उत्तर नसेल, तर लेख थांबवा. अंक एका लेखाने कमी निघाला तरी चालतो.

टार्गेट प्राइस छापायचीच असेल, तर ती कोणत्या गृहीतावर उभी आहे आणि ते चुकलं तर भाव कुठवर येऊ शकतो, हेही त्याच परिच्छेदात हवं. पुढच्या पानावर नको. तिथवर सगळे वाचत नाहीत.

आणि नोकरी स्वीकारतानाच दोन गोष्टी लेखी मागून घ्या. जाहिरात विभागाला पान छपाईनंतरच दिसेल, ही पहिली. तुमच्याकडे ज्या कंपनीचे शेअर आहेत, तिच्यावरचा मजकूर दुसरा सहकारी तपासेल, ही दुसरी.