कूलंटमध्ये ऑइल दिसलं? आधी तपासणी, मग पाना



आजचा धडा गॅरेज टाकणाऱ्यांसाठी आहे. जुनी गाडी घेऊन भाड्याचा धंदा करायचाय, त्यांनीही वाचा.

राजापेठेत दुकान टाकलं त्याच वर्षीची गोष्ट. संत्र्याची तोडणी जोरात होती आणि वरुडकडचा एक जण डिझेल पिकअप घेऊन आला. म्हणे, "भाऊ, गाडी गरम होऊन राह्यली, पाण्यात तेल दिसते." मी टाकीत पाहिलं, रंग दुधाच्या चहासारखा. मी तिथंच सांगून टाकलं, हेड गॅस्केट गेलं! हेड उतरवलं, फेसिंग केलं, नवं गॅस्केट टाकलं. चार दिवसांत पुन्हा तेल. खरा बिघाड ऑइल कूलरमध्ये होता. हेडचा खर्च माझ्या अंगावर आला, पण त्याचे हंगामाचे दिवस बुडाले, ते मी भरून देऊ शकलो नाही.

तेल पाण्यात जातं कसं?

ऑइल कूलरमध्ये एका बाजूनं ऑइल, दुसऱ्या बाजूनं कूलंट वाहतं. मध्ये फक्त पातळ धातू. इंजिन चालू असताना ऑइलचा दाब साधारण 2 ते 4 बार, कूलंटचा 1 बारच्या आसपास. भोक पडलं की जास्त दाबाचं ऑइल कूलंटमध्ये घुसतं. इंजिन बंद केल्यावर ऑइलचा दाब शून्य होतो, कूलंटचा थोडा वेळ टिकतो. मग उलटं, पाणी ऑइलमध्ये येऊ शकतं. म्हणून दोन्हीकडे पाहायचं.

तपासणीचा क्रम

1. इंजिन पूर्ण थंड होऊ द्या. गरम रेडिएटरचं झाकण उघडलं तर तोंड-हात भाजतात.

2. कूलंट पारदर्शक बाटलीत काढून तासभर ठेवा. तेल वर तरंगतं, गंज खाली बसतो. आपल्याकडे बरेच जण बोअरचं पाणी भरतात, त्याचा तांबूस गाळ म्हणजे तेल नव्हे. फेसाळ मिश्रण वेगळं होत नसेल तर एक थेंब कागदावर टाका. वाळल्यावर तेलकट डाग राहिला तर तेल आहे.

3. डिपस्टिक काढा. ऑइल दुधाळ असेल तर गाडी चालू करू नका, बेअरिंग खराब होतील. फक्त झाकणाखाली थोडा पांढरा थर असेल तर घाबरू नका. हिवाळ्यात जवळच्या फेऱ्यांनीही तो येतो.

4. ऑइल चांगलं असेल तर गाडी सुरू करून टाकीत सतत बुडबुडे येतात का ते पाहा. ब्लॉक टेस्टरचं निळं द्रावण रंग बदलतं का, तेही बघा. नंतर कॉम्प्रेशन मोजा. गॅस येतोय किंवा कॉम्प्रेशन कमी आहे, तर संशय गॅस्केटवर किंवा हेडच्या तड्यावर.

5. यातलं काहीच नाही, तरी पाण्यात तेल आहे? मग आधी ऑइल कूलर काढा. पाण्याची तोंडं उघडी ठेवा, ऑइलचं एक तोंड बंद करून पाण्यात बुडवा, ऑइलच्या दुसऱ्या तोंडातून हवा द्या. बुडबुडे आले की चोर सापडला.

ऑटोमॅटिक गाडीत तेल लालसर दिसलं तर गिअरबॉक्सचा कूलर तपासा. बऱ्याच गाड्यांत तो रेडिएटरच्या आतच असतो.

दुरुस्तीनंतर सिस्टीम दोन-तीनदा धुवा. जुनं तेल आत राहिलं तर ते पुन्हा दिसतं आणि काम फसलं असं वाटतं. तेलानं फुगलेले, मऊ झालेले होज बदला.

आता धंद्याचं बोलू

गिऱ्हाईक म्हणेल, "नुसतं पाह्याचे पैसे काऊन?" चिडू नका. सांगा, "दादा, ही तपासणी नाही केली तर विनाकारण हेड उतरेल." तपासणीचे पैसे आधीच ठरवा, काम दिलं तर बिलात वळते करा. जॉबकार्डवर फक्त दिसलेलं लिहा: रंग, डिपस्टिक, कॉम्प्रेशनचे आकडे. बाटलीचा फोटो गिऱ्हाइकाला पाठवा. अंदाजपत्रक टप्प्याटप्प्यानं द्या आणि प्रत्येक टप्प्याला होकार घ्या.

तो पिकअपवाला आजही माझ्याकडेच येतो. कारण चूक माझी आहे हे मी त्याला तोंडावर सांगितलं आणि हेडचा रुपयाही घेतला नाही. पण असा विश्वास कमावणं महाग पडतं. तपासणी स्वस्त पडते.

या आठवड्याचा गृहपाठ: तुमच्या धंद्यातली एक तक्रार निवडा आणि हात लावण्याआधीच्या पाच तपासण्या वहीत लिहा. पुढच्या धड्यात त्यावरून दरपत्रक बनवू.